बदकाची चाल

अ‍ॅनिमेशनच्या शाळेत घाईघाईत चुकीच्या वर्गाचं दार उघडलं गेलं, आणि ठिणगीला समोरच्या पडद्यावर स्वतःचाच अपमान चालताना दिसला.

बदक होतं. मातीचं, पिवळं, वीतभर उंच. पण चाल? डावा खांदा किंचित वर, मान पुढे, आणि पावलं अशी दाणदाण, जणू जमिनीनंच काही गुन्हा केलाय! ही चाल तिची होती. आत्यानं तिचं नाव ठिणगी ठेवलं ते काही उगाच नव्हे.

"हे... हे कुणी केलंय?"

टेबलामागून एक उंच मुलगा उठला. हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले. सगळे त्याला मातीवाला म्हणत.

"मी. म्हणजे... तुम्ही रोज सकाळी अंगणातून येता ना... खिडकीतून दिसतं."

"दिसेल ते उचलायचं? मला न विचारता मला बदक करून टाकलंत?"

"बदक आधीपासून होतं," तो चाचरला. "फक्त चालत नव्हतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ठिणगी तरातरा बाहेर पडली. आपण अगदी त्या बदकासारख्याच चाललोय हे अर्ध्या वाटेत लक्षात आलं, आणि ती आणखीच भडकली.

त्यात तिच्या स्वतःच्या कामाची बोंब होती. सोमवारी प्रत्येकानं एक चाल करून दाखवायची होती. कुणी मातीच्या बाहुलीचे एकेक फोटो काढून, कुणी हातानं चित्रं काढून. तिनं चोवीस चित्रं काढली होती. बाईंनी गठ्ठा अंगठ्याखालून भरभर सोडून पाहिला.

"तुझा माणूस चालत नाही गं, बर्फावरून घसरतोय. वजन कुठंय त्याला?"

आणि त्या चोरट्या बदकाला मात्र वजन होतं! याला काय न्याय म्हणायचा?

दुसऱ्या दिवशी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"पुसली."

"काय?"

"चाल. सगळे फोटो. तुमचं बरोबर होतं... विचारायला हवं होतं."

"किती दिवसांचं काम होतं?"

"नऊ."

तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिच्या डोक्यात तिडीक गेली. "पुसायला कुणी सांगितलं? माफी मागायची सोडून हुतात्मा व्हायचं! म्हणजे आता वाईट कोण? मी! तीन दिवस उरलेत. विचार की आता... तोंड आहे ना, की तेही मातीचं?"

त्यानं विचारलं. अगदी रीतसर.

त्याला चाल नीट बघता यावी म्हणून ती लांबलचक व्हरांड्यात चालायला लागली, आणि झाली संचलनातला शिपाई. त्यानं ओठ चावले.

"हसतोयस?"

"नाही. पण ही तू नव्हेस."

"सोपं वाटतं? तूच चालून दाखव!" ती कागद घेऊन भिंतीशी बसली.

तो चालला. आवाजच नाही. आधी चवडा टेकायचा, मग टाच अलगद खाली यायची.

"चोरासारखा काय चालतोस?"

"आई रात्रपाळीला जायची. दिवसा झोपायची. घर एकाच खोलीचं. टाच वाजली की जागी व्हायची..." तो ओशाळून हसला. "सवय लागली."

ठिणगीची पेन्सिल थबकली. मग पुन्हा चालू लागली, सावकाश. त्याचा गुडघा कुठे वाकतो, अंगाचा भार तो कसा तोलून धरतो... कागदापेक्षा तिची नजर त्याच्यावरच जास्त होती.

"किती बघतेस..."

"काम आहे. गप्प राहा, मान हलते."

मग पुन्हा तिची पाळी आली, आणि पुन्हा शिपाई. तो म्हणाला, "खरं सांगू? रागावलेली ठिणगी मला फार..." आणि अडखळला.

"फार काय?"

"फार... उपयोगी पडते."

"उपयोगी?" ती गर्रकन वळली आणि दाणदाण निघाली.

"हेच! हेच! थांबू नकोस!" मागून तो ओरडत होता.

मातीवाल्यानं तीन रात्री जागून पुन्हा चालवलेलं बदक सोमवारी बाईंनी दोनदा पाहिलं. "हे कुणावर एवढं चिडलंय रे?"

"माझ्यावर," मातीवाला म्हणाला. वर्ग हसला.

मग पडद्यावर ठिणगीचा माणूस आला. चवड्यावर, हलक्या पावलांनी चालणारा. बाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि हा कुणाची झोप जपतोय?"

यावेळी कुणी हसलं नाही. ठिणगीचे कान तापले.

वर्ग सुटताच तो व्हरांड्यात तिला आडवा आला. "त्या दिवशी मला 'उपयोगी' म्हणायचं नव्हतं. 'आवडते' म्हणायचं होतं. फार आवडतेस."

"तीन दिवस!" ती कडाडली. "तीन दिवस मी त्या 'उपयोगी'वर जळतेय! जेवण गोड लागलं नाही मला, आणि हे आत्ता सांगतोस? तेही असं पुटपुटत?"

"मग... काय करू?"

"परत म्हण. मोठ्यानं!"

तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की दोन्ही वर्गांची दारं उघडली. सगळे बघत राहिले. आणि रागानं लालबुंद झालेल्या ठिणगीनं, त्या सगळ्यांच्या देखत, त्याचा मातीनं माखलेला हात घट्ट आपल्या हातात घेतला.