बदक बोलत नाही

डोळे मिटा बघू जरा. आता कल्पना करा... चष्म्याच्या एका दुकानाशेजारून लाकडी जिना वर जातो. वर एक लांबट खोली, भिंतीला लागून कॉम्प्युटर मांडलेले, आणि डोक्यावर एक पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. संध्याकाळचं तिरपं ऊन खिडकीतून आत आलंय, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून एक मुलगी एका पिवळ्या रबरी बदकाशी बोलतेय. हळू आवाजात, पण अगदी मनापासून.

हसू नका. तिला वेड लागलेलं नव्हतं. त्या क्लासचा तो नियमच होता.

क्लास होता बाईंचा. पांढरेशुभ्र आखूड केस, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, आणि सगळी नोकरी ऑफिसांसाठी प्रोग्राम लिहिण्यात गेलेली. त्यांच्याकडे येणारी मुलं कॉमर्स वगैरे शिकलेली असायची. कुठल्यातरी कंपनीत बिलं, ऑर्डरी, गोदामातला माल यांचे प्रोग्राम लिहिण्याची पहिलीवहिली नोकरी मिळावी, एवढीच त्यांची इच्छा. कुणी अडलं की बाई म्हणायच्या, "माझ्याकडे नंतर या. आधी तुमचा प्रोग्राम कुणालातरी सांगा. एकेक ओळ, मोठ्यानं. ऐकणारा मध्ये बोलणारा नको, म्हणजे तुमचं तुम्हालाच ऐकू येईल काय चुकलंय ते."

म्हणून कुणी पाण्याच्या बाटलीला सांगायचं, कुणी कंपासपेटीला. या मुलीनं भाचीचं आंघोळीचं बदक आणलं होतं.

तिला घरी सगळे घुमी म्हणत. ती मोठ्या बहिणीकडे राहायची. ताई तोंडाची जितकी फटकळ, तितकी ही अबोल. आणि अबोलपणानं तिचा एकदा घात केला होता. एका मुलाखतीत तिला सगळी उत्तरं येत होती, पण समोर चार माणसं बघून जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. "येते म्हणायला तरी तोंड उघडलंस का गं?" ताईनं विचारलं होतं. नव्हतं उघडलं.

आता महिनाअखेरीस माल पोचवणारी एक कंपनी नवीन माणसं घेणार होती. अट एकच होती. प्रोग्राम नुसता लिहायचा नाही, समोर बसून समजावून सांगायचा.

त्या संध्याकाळी तिची बेरीज काही केल्या जुळत नव्हती. वैतागून ती म्हणाली, "काल इतका वेळ बसले तुझ्यासमोर. एक शब्द तोंडातून काढशील तर शपथ!"

"अहो, पण..." शेजारून आवाज आला, "काल मी नव्हतो. मी आजच आलोय."

तिनं दचकून मान वळवली. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण बसला होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात विसरून राहिलेली मोजायची फीत.

"तुम्हाला नाही," ती कशीबशी म्हणाली. "त्याला."

त्यानं बदकाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा बदकाकडे, आणि गंभीरपणे मान लववून म्हणाला, "माफ करा हं. तुमचं बोलणं चाललं होतं, मी मध्ये पडलो."

ती कानापर्यंत लाल झाली. आणि... हसली.

तो कापडाच्या दुकानात काउंटरवर होता. दिवसभर ठाणं उलगडायची, घडी घालायची, आणि संध्याकाळी जिना चढून इथं. क्लासमध्ये त्याचं नावच पडलं कापडवाला. त्याच्या अंगाला नव्या कापडाचा करकरीत वास यायचा. प्रोग्राम किती लांब झाला हे तो पडद्यावर वीत ठेवून मोजायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या बिलाच्या प्रोग्रामनं घोळ घातला. मोठी खरेदी करणाऱ्यालाच सवलत द्यायची होती. हा मात्र येईल त्याला सवलत वाटत सुटला.

"बघू," घुमी म्हणाली. अनोळखी माणसाला ती आपण होऊन असं म्हणाली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं ओळ वाचली. "अहो, हे काय? 'गिऱ्हाईक आलं, तर सवलत द्या'? मग गिऱ्हाईक आल्याशिवाय बिल तरी कुणाचं करणार?"

त्यानं डोक्याला हात लावला. "सवय हो! दुकानात येईल त्याला आम्ही म्हणतो ना, दुसऱ्या कुणाला देत नाही, खास तुमच्यासाठी म्हणून..."

"म्हणजे सगळेच खास?"

"दुकानात सगळेच." तो थांबला. फीत बोटाभोवती गुंडाळत म्हणाला, "बाहेर तसं नसतं."

घुमीनं उगाचच बदक उचललं आणि त्याच्या चोचीवरची नसलेली धूळ पुसली.

बदक मिळालं होतं ते अटीवर. सहा वर्षांच्या चिऊनं मावशीला बजावलं होतं, "जेवायच्या आधी परत. नाहीतर उद्या नाही." एकदा मावशी आणि कापडवाला जिन्याखाली उभे राहून बोलत बसले. म्हणजे तो बोलत होता, ती ऐकत होती, आणि वेळ कुठं गेला ते दोघांनाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी घुमी रिकाम्या हातांनी आली.

"आज साहेब कुठंयत?"

"जप्त झालेत."

"अरेरे! मग आता तुमचा प्रोग्राम कोण ऐकणार?" त्यानं खुर्ची पुढं ओढली. "जागा रिकामी असेल तर माझा अर्ज आहे."

"बदक बोलत नाही," ती म्हणाली.

"मंजूर."

"मानही हलवत नाही."

"मंजूर."

"क्वॅकसुद्धा करत नाही."

"हे जरा जड जाईल. पण मंजूर."

तिनं सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ... तो हनुवटीखाली मुठी धरून बसला होता. खरंच बोलला नाही. नुसता बघत राहिला. चौथ्या ओळीला तिचा धागा सुटला.

"असं बघू नकोस ना!" आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण 'अहो'वरून कधीच घसरलोय.

त्याच्याही आलं होतं. पण बदक बोलत नाही. फक्त त्याच्या गालावर एक खळी उमटली, आणि घुमीला वाटलं, हा पंखा नेमका आजच इतका मंद का फिरतोय?

त्या दिवसापासून पिवळं बदक घरी आणि हे बदक क्लासला असा बंदोबस्त झाला. रोज ती बोलायची, रोज तो ऐकायचा, आणि तिचा आवाज रोज थोडा मोठा व्हायचा.

मुलाखतीच्या दिवशी तो दुकानातून सुट्टी काढून कंपनीच्या दारापर्यंत आला. त्याची स्वतःची तयारी अजून व्हायची होती. तो पुढच्या वेळी बसणार होता.

"मला आत नेता आलं असतं तर खिशात घालून नेलं असतंस," तो म्हणाला.

"तुला? खिसा केवढा लागेल!"

"कापड मी देईन. खास तुमच्यासाठी म्हणून."

ती हसत आत गेली. पण काचेचं दार मागं लागलं आणि हसू बाहेरच राहिलं. आत तीन माणसं होती. एक टक्कल पडलेले साहेब, एक लॅपटॉपमध्ये डोकं घातलेला तरुण, आणि मधोमध निळ्या साडीतल्या एक बाई. त्यांनी तिच्यासमोर एक कागद सरकवला. गोदामातल्या खोक्यांचा प्रोग्राम होता.

"यात चूक आहे. शोधा, आणि आम्हाला सांगा."

चूक तिला लगेच दिसली. अगदी ढळढळीत. आणि जीभ टाळूला चिकटली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. तरुणानं पेन टिचकवलं. घुमीच्या कानात नुसता घूं आवाज... आणि मग तिला टेबलावर एक स्टेपलर दिसला. बुटका, लाल, जबडा जरासा उघडा. कुठल्याशा बाजूनं बघितलं तर चोचच.

ती स्टेपलरकडे वळली.

"हे बघ," ती त्याला म्हणाली, "गोदामात दहा खोकी आहेत. गिऱ्हाईक मागतंय बारा. पहिल्या ओळीत तू बारा खोकी देऊन मोकळा होतोस..."

तरुणाचं पेन थांबलं. साहेबांच्या भुवया टकलाकडे चढल्या. निळ्या साडीतल्या बाईंनी मात्र हात लांबवून स्टेपलर हळूच थोडा स्वतःकडे ओढला. घुमीची नजर त्याच्यामागं गेली.

"...आणि दुसऱ्या ओळीत विचारतोस, शिल्लक आहेत का? आता विचारून काय उपयोग?"

स्टेपलर आणखी थोडा सरकला.

"आधी बघायचं, मग द्यायचं. या दोन ओळींची फक्त अदलाबदल करायची. आणि खोकी कमी असतील तर गिऱ्हाईकाला तसं सांगणारी एक ओळ घालायची. बस."

तिनं मान वर केली. स्टेपलर बाईंच्या अगदी पुढ्यात होता, आणि शेवटचं सगळं ती बाईंच्या डोळ्यांत बघून बोलली होती.

"स्टेपलरला पटलं," बाई म्हणाल्या. "मलाही. सोमवारपासून याल?"

"येते!" घुमी म्हणाली. इतकी मोठ्यानं की लॅपटॉपमधलं डोकं वर आलं.

शुक्रवारी तिचा क्लासमधला शेवटचा दिवस. पेढा नाही, भाषण नाही, नुसत्या शुभेच्छा देऊन एकेक जण जिना उतरला. तिच्या प्रोग्रामचं कौतुक झालं, स्टेपलरचंही झालं. काउंटरवर दहा गिऱ्हाइकं एकदम बोलण्यात गुंतवणारा कापडवाला मात्र वायर गुंडाळत होता, उलगडत होता, पुन्हा गुंडाळत होता. घुमीला कळत होतं, सोमवारपासून ही खुर्ची रिकामी. आज कुणी काही बोललं नाही तर मग कधी?

तिनं पिशवीतून पिवळं बदक काढलं. चिऊकडून आजच्यापुरतं मागून आणलेलं. दोघांच्या मध्ये ठेवलं.

"बदका, एक प्रोग्राम अडकलाय रे. सांगू?" ती म्हणाली. आवाज किंचित कापत होता, पण येत होता. "पहिली ओळ: एक मुलगी आहे. दुसरी: एक मुलगा आहे. तिसरी: मुलगा बोलेपर्यंत मुलीनं थांबायचं. चौथी..." ती अडखळली.

"चौथी: मुलगी बोलेपर्यंत मुलानं थांबायचं," तो हलकेच म्हणाला.

"बदक बोलत नाही."

"आज बोलतंय." त्यानं वायर खाली ठेवली. "हा प्रोग्राम जन्मात चालायचा नाही, घुमे. दोघं एकमेकांची वाट बघत तसेच बसून राहतील. कुणीतरी एक ओळ बदलली पाहिजे."

"मग बदल ना."

तो बदकाकडे बघत होता. मग त्यानं बदकाचं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि तिच्याकडे बघितलं.

"मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून... मला ओरडलीस ना, तेव्हापासून."

"तुला नव्हते ओरडले."

"माहितेय. तरी."

"मलाही," ती म्हणाली. मग वाटलं हे अपुरं राहिलं, म्हणून पूर्ण वाक्य म्हणाली. "मलाही तू आवडतोस. खूप."

पंखा कुरकुरत राहिला. दारातून बाईंचा आवाज आला, "झाला का प्रोग्राम पूर्ण? मला कुलूप लावायचंय."

दोघं बदकासारखेच पिवळे पडले, मग लाल, आणि जिन्यावरून हसत सुटले ते थेट चौकापर्यंत.

घरी पोचायला अर्थातच उशीर झाला. चिऊ दारातच कमरेवर हात ठेवून उभी. "जेवणं झाली आमची," ती म्हणाली. मग तिनं मावशीच्या मागं उभ्या असलेल्या उंच माणसाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हा कोण?"

"मी दुसरं बदक," तो म्हणाला. "पहिलं परत करायला आलोय. उशीर माझ्यामुळं झाला."

चिऊनं बदक घेतलं. उलटंसुलटं तपासलं. घुमीनं ओठांवर बोट ठेवून डोळ्यांनीच विनवलं, आत्ताच नको, ताईला मी सांगेन, सावकाश. चिऊनं शहाण्यासारखी मान डोलावली. आणि कुण्णाला काही सांगितलं नाही हं तिनं. ती सरळ बाथरूममध्ये गेली, बदक पालथ्या बादलीवर बसवलं, समोर मांडी घातली आणि स्वयंपाकघरात भांडी आवरणाऱ्या आईला नीट ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सुरू झाली,

"हे बघ बदका, पहिली ओळ: आपल्या मावशीनं दारात एक काका आणलाय..."