चटईपलीकडचा सोबती

तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, नाहीतर हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

एका पक्ष्याच्या फोटोसाठी मी तीन हिवाळे त्याच्या मागे होतो. बगळ्याच्या जातीचा, पण अंगभर दलदलीतल्या वाळक्या बोरूच्या गवताचा रंग. चाहूल लागली की मान आभाळाकडे ताणून उभा राहतो आणि वारा आला की बोरूसारखाच डुलतो. चार हातांवर असला तरी दिसायचा नाही.

दलदलीत एक मचाण होतं. खांबांवरची लांबट झोपडी, मध्ये चटईचा आडोसा. होडीवाल्या मावशींनी मला सकाळी तिथे सोडलं.

"धुकं उठलं की येते. खाली पाय टाकू नका, गाळ सोडत नाही," एवढंच बोलल्या.

मी ट्रायपॉड लावला. कुजलेल्या गवताचा वास आणि खाली मधूनच फुटणारे बुडबुडे. बाकी सगळं चिडीचूप. तासाभराने चटईपलीकडून कुणीतरी हळूच खाकरलं.

"आला का?"

मी दचकलो. पण आपल्या आधीच कुणी येऊन बसलंय म्हटल्यावर बरंही वाटलं.

"नाही अजून," मी कुजबुजलो.

"येईल. बूट काढून ठेव. फळ्या वाजतात."

मी मुकाट्याने काढले. मग तो असाच अधूनमधून बोलत राहिला, थोरल्या भावासारखा. बोटं गारठली तर काखेत धर म्हणाला. भूक लागली असेल तर खाऊन घे, कागद मात्र चुरचुरू देऊ नकोस म्हणाला. आणि मग, नुसत्या श्वासाने...

"डावीकडे... पाण्याच्या कडेला... तो एकटा बोरू बघ..."

त्या बोरूला पिवळा डोळा होता.

मी अकरा फोटो काढले. 

"मला दाखवशील?"

चटईच्या फटीतून मी कॅमेरा दिला. घेणारी बोटं ओली होती, गारढोण. एकेक फोटो बघताना बटण टिकटिकत राहिलं. मग कॅमेरा परत आला.

"झालं... आता घरी जाता येईल."

धुकं उठलं, मावशी आल्या.

"पलीकडच्यांनाही घ्यायचंय ना?" मी विचारलं.

त्यांचा बांबू पाण्यातच थांबला. मी चटई बाजूला सारली. पलीकडे फळ्याच नव्हत्या. दोन कुजके खांब आणि खाली काळं पाणी.

"आमचे मालक," मावशी म्हणाल्या. "ह्याच पक्ष्यासाठी बसायचे. फळ्या तुटल्या त्याला नऊ वर्षं झाली. सापडलेच नाहीत." मग अगदी हळू, "काय म्हणाले?"

"आता घरी जाता येईल, म्हणाले."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग होडीतलं जाळं उचलून मांडीवर घेतलं, जागा केली.

परतताना होडी जड चालली होती. पाणी काठाला लागायला आलं होतं. 

किनाऱ्यावर मी उतरलो. मावशी उतरल्या. होडी तशीच खोल.

"अहो, या," मावशी वळून म्हणाल्या. "सावकाश. पाय घसरेल."

होडी हलकेच डोलली, वर आली. मावशी हसल्या, आणि कुणाचा तरी हात धरावा तसा हात पुढे करून पायवाटेला लागल्या.

मी दोर बांधायला खाली वाकलो. तेवढ्यात रिकामी होडी पुन्हा डोलली, आणि आणखी कुणीतरी उतरावं तशी पाण्यातून चार बोटं उंच उचलली गेली.