जांभळा रंग उतरेना

"मी आकडे रचले, असं सर म्हणतात," संशोधक मुलगी दारातूनच म्हणाली. "उद्यापर्यंत खरं-खोटं झालं नाही, तर माझा प्रबंध गेला."

खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणे. त्यांनी तिला पाणी दिलं. त्यांचे दीर आणि मदतनीस, भाऊजी, यांनी खुर्ची पुढे केली.

मुलगी एका औषधी झुडपाच्या पानांवर काम करत होती. पानांचा अर्क जांभळ्या द्रावणात घालायचा. रंग उतरून पिवळा झाला, तर अर्कात अँटिऑक्सिडंट द्रव्यं आहेत. पहिल्या खेपेला रंग भराभर उतरला होता. आता पानं त्याच झुडपांची, पण द्रावण जांभळंच.

"द्रावण शिळं असेल," भाऊजी म्हणाले.

"व्हिटॅमिन सी घातलं की लगेच पिवळं होतं. द्रावण चांगलं आहे."

प्रयोगशाळेत सरांनी पहिल्या खेपेची जपलेली फांदी काढली, जाड कागदाच्या चौकटीत शिवलेली. वहिनींनी ती खिडकीपाशी धरली. पानांतून उजेडाचे बारीक ठिपके सरांच्या शर्टावर पडले.

"झुडूप तेच आहे," सर म्हणाले. "संशयाला जागाच नाही."

वहिनींची नजर वळताच शेजारच्या टेबलावरचा सहकारी तडकला. "या खेपेच्या पानांची पिशवी तिच्या घरून मी आणली, म्हणजे पानं मी बदलली? तिची जागा मला हवी आहे, मान्य. पण पिशवीची गाठ इथे तिनेच उघडली. तिच्या सासूबाईंची गाठ, शेवटी कात्री लागली!"

मुलीनेही मान डोलावली.

झुडपं सासूबाईंच्या परसात होती; मुलगी वहिनी-भाऊजींना तिथे घेऊन गेली. "पहिल्यांदा हिने घाईघाईत ओरबाडून नेली," त्या म्हणाल्या. "या वेळी मी स्वतः बसून निवडली. सुनेच्या कामाची वस्तू, गबाळी कशी देऊ?"

ओसरीच्या कोपऱ्यात वाळल्या पानांची टोपली होती.

"हा कचरा," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या पानांबरोबरच वाळला. कुंड्यांत घालीन."

वहिनींनी टोपली उचलली.

"म्हणजे सासूबाईंचा हात आहे?" भाऊजी कुजबुजले.

"दोन्ही हात आहेत, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सगळे प्रयोगशाळेत जमले. मुलीने दोन नळ्यांत सारखंच जांभळं द्रावण घेतलं. एकीत पिशवीतल्या पानांचा अर्क, दुसरीत टोपलीतल्या. पहिली जांभळीच राहिली. दुसरी फिकी होत होत पिवळी झाली.

सर पुढे वाकले.

"गाठ शाबूत होती, म्हणजे वाटेत काही बदललं नाही," वहिनी म्हणाल्या. "फरक पिशवी बांधण्याआधीच पडला. सर, तुमच्या फांदीतून उजेड आला, कारण ती पानं अळीने खाल्लेली होती. अळी चावली की हे झुडूप बचावाची द्रव्यं त्या पानात साठवत असावं. घाईत ओरबाडताना अशी खाल्लेली पानंही आली. नीट निवडलेल्यांत एकही नाही. ती सगळी टोपलीत गेली."

"असं एकदाच दिसून चालणार नाही," सर म्हणाले. मग हळूच मुलीकडे वळले. "पुन्हा करून बघ. आकडे रचल्याचा शब्द मात्र मी मागे घेतो. चुकलं माझं."

सासूबाईंचे डोळे भरले होते. "तुझ्या वाटेत मीच दगड ठेवला गं. सबंध दुपार बसून!"

"दगड कुठला, आई? दोन ढीग वेगळे केलेत. हे मला सुचलंच नव्हतं. आता सगळा प्रबंध त्यावरच."

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, टोपली जवळ ओढली आणि एक चाळणी झालेलं पान उजेडाकडे धरलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "आता यातलं चांगलं कशाला म्हणायचं, ते आधी सांग. मग बसते निवडायला."