दवाखान्यासमोरचे पट्टे

वाहन परवान्याची परीक्षा घेणारी ती बाई नियमाला पक्की. सख्ख्या भाच्यालाही तिने दोनदा नापास केलं होतं. परीक्षेचा रस्ता ठरलेला: कचेरी, टपालपेटीचं वळण, मग दवाखान्यासमोरचे पांढरे पट्टे. पट्ट्यांवर माणूस असेल तर थांबायचंच. तिथे पहिला हक्क चालणाऱ्याचा. माणूस नसताना उगाच थांबलं, तरी गुण जायचे.

सोमवारी दुपारी ऊन दुधात भिजवल्यासारखं मऊ पडलं होतं. परीक्षेला आलेल्या शिंप्याने पट्ट्यांपाशी गाडी थांबवली. रस्ता रिकामा.

"का थांबलात?"

"काका चाललेत ना, मॅडम. आत्ताच उतरलेत फुटपाथवरून."

डोळे तपासून घ्या, असं सुनावून तिने त्याला नापास केलं.

मंगळवारी एक नर्स. शिंप्याला ती ओळखतही नव्हती. तिनेही नेमकी तिथेच गाडी थांबवली.

"अर्ध्यापर्यंत आलेत बिचारे," ती म्हणाली. "जाऊ दे त्यांना सावकाश."

बाईने तिलाही नापास केलं. सही मात्र वेडीवाकडी आली.

बुधवारी एक आचारी होता. त्याला कोणी दिसलं नाही, त्याने वेग कमी केला नाही. बाईला हायसं वाटलं. आणि गाडी गचका खाऊन थांबली.

"मॅडम, ब्रेक तुम्ही दाबलात."

तिने खाली पाहिलं. परीक्षकाच्या बाजूचा ब्रेक तिच्याच पायाखाली तळाला टेकला होता. समोर नुसते पट्टे, आणि त्यांवर ते मऊ ऊन.

"कोणी होतं का?"

"नाही," ती म्हणाली. पाय मात्र तिला बराच वेळ उचलवेना.

काम संपल्यावर ती एकटीच चालत तिथे गेली. एका मोटारवाल्याने तिच्यासाठी गाडी थांबवली. एकेक पट्टा मोजत ती ओलांडून गेली. कोणी नाही, काही नाही. पलीकडच्या फुटपाथवर चढून तिने वळून पाहिलं.

गाडी अजून तिथेच.

तिने जा म्हणून खूण केली. मोटारवाल्याने काच खाली केली.

"अहो ताई, एकट्या काय पुढे गेलात? हात द्या ना त्यांना. पायरी उंच आहे."

तिने हात पुढे केला. का, ते तिला कळलं नाही.

तळहातावर भार आला. हलका, कोरडा.

मोटारवाल्याने मान डोलावली. गाडी निघून गेली.

भार क्षणभर तसाच राहिला. मग तिच्या हाताभोवती न दिसणारी बोटं घट्ट मिटली, आणि तो भार तिच्या घराच्या दिशेने वळला.