अर्ध्यावरचा काटा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे खरं घडलेलं आहे. ज्या टेबलावर घडलं, त्या टेबलावर मी नंतर चहा प्यायलोय.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली भर दुपार. कोल्हापूरजवळ कसबा बावड्यात कारखान्याच्या रस्त्याला माझ्या मावसबहिणीचं, सोनमचं, गॅरेज आहे. गाड्यांचं वायरिंग, बॅटरी, मीटर ही कामं ती करते. आधी तिचे वडील केरबा करायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली.

त्या दुपारी ट्रॅक्टरला दोर बांधून एक जुनी पांढरी गाडी दारात आली. सोबत राजनंदिनी, कॉलेजात शिकणारी पोर.

"ताई, ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकणार हाय मी. पेट्रोलचा काटा तेवढा बघा की. कायम अर्ध्यावरच असतोय. तीन मिस्त्री हरले."

सोनमनं नंबर बघितला आणि हातातला पाना खाली ठेवला. ही गाडी राजनंदिनीच्या वडिलांची, बाळासोंची.

सोळा वर्षांपूर्वी केरबांनी ह्याच गाडीचा काटा दुरुस्त केला होता. चारच दिवसांनी बाळासो आपल्या आजारी आईला, शालूबाईंना, चंदगडहून कोल्हापूरच्या दवाखान्यात घेऊन निघाले. वाटेत, धो धो पावसात, गाडी बंद पडली. टाकी कोरडी होती. शालूबाई मागच्या सीटवरच गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाळासोंनी सगळ्या बावड्याला एकच सांगितलं. काटा अर्धी टाकी दाखवत होता. केरबानं काम नासवलं. आई माझी केरबानं मारली.

बाळासोंचा शब्द गावात खाली पडत नसे. केरबांचा कोणी ऐकूनच घेतला नाही. आम्ही नातेवाईकसुद्धा गप्प बसलो. केरबा मरेपर्यंत मान खाली घालून काम करत राहिले. ती खाली गेलेली मान सोनमला झोपू देत नव्हती.

"ठेव गाडी," ती म्हणाली. "आज बघतेच काय ते."

चावी बंद होती. बॅटरीची वायर काढलेली. तरी काटा... अर्ध्यावर.

दोघींनी गाडी ढकलत आत घेतली. आणि मागे टाकीत पेट्रोल डचमळलं.

"त्यात पेट्रोल न्हाय, ताई," राजनंदिनी हळूच म्हणाली. "काठी घालून बघितलंय."

सोनमनं टाकीचा बोल्ट सोडून खाली पातेलं धरलं.

एक थेंब पडला नाही. नुसता गंज पडला.

तिनं टाकीतला फ्लोट बाहेर काढला. पेट्रोलवर तरंगून टाकीत किती आहे ते काट्याला कळवणारा हा भाग. केरबांनी बसवलेला तोच होता. अलगद वर-खाली होत होता. तपासणीचं मीटर लावून बघितलं तर आकडे बरोबर. मग तिनं बॅटरी जोडली आणि टाकीकडची वायर काढली. काटा शून्यावर पडायला हवा होता.

पडला नाही.

वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली. काटा फुलवर जायला हवा होता.

गेला नाही.

आता तिनं काट्याचं अख्खं मीटरच डॅशबोर्डातून काढून टेबलावर आणलं. त्याला एकही वायर उरली नव्हती. काच उतरवली, काटा नखानं दाबून शून्यावर नेला आणि सोडला.

काटा... सावकाश उठला. अर्ध्यावर येऊन थांबला.

राजनंदिनी दारात जाऊन उभी राहिली. डोक्यावर पंखा गरगरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

सोनमनं मीटर उलटं केलं. मागे पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. केरबा प्रत्येक कामावर अशी पट्टी लावायचे. 'जुलै २००९. फ्लोट नवा. टाकी रिकामी करून, भरून, दोन्ही तपासलं. केरबा.'

तेवढ्यात...

टक टक.

काचेवर नख वाजल्याचा आवाज. दोनदाच. काटा मोकळा आहे का बघायला केरबा असंच वाजवायचे.

काच टेबलाच्या कडेला पडली होती. तिच्याजवळ कोणी नव्हतं.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. सोनमला संताप आला.

"आबा, जिवंतपणी गप्प बसलासा," ती म्हणाली. "आता मी न्हाय बसणार."

बाहेर मोटारसायकल थांबली. बाळासो तरातरा आत आले.

"कुणाला इचारून गाडी आणलीस?" ते लेकीवर खेकसले. "ह्यांच्या हातनं एकदा झालंय तेवढं बास झालं."

सोनमनं मीटर त्यांच्यासमोर सरकवलं. "काका, फ्लोट चांगला हाय, वायर चांगली हाय. आबांनी लिवून ठेवलंय. मग त्या दिवशी काटा किती दावत व्हता?"

"अर्धा. शंभर डाव सांगितलंय."

टक टक.

ह्या वेळी तिघांनी ऐकलं. तिघांच्या डोळ्यांदेखत काटा... वर सरकला. अर्ध्यावरून पाऊण.

"बंद कर ते," बाळासोंचा आवाज चिरकला.

"वायरच न्हाय तर काय बंद करू? तुमीच सांगा. किती व्हता?"

बाळासो स्टुलावर बसले.

"शून्यावर," ते म्हणाले. "नेसरीलाच शून्यावर आलता. पंप दिसला मला. आई मागं कण्हत व्हती. म्हटलं थांबलो तर येळ जाईल, फुडं भरू. फुडचा पंप बंद व्हता."

काटा खाडकन शून्यावर पडला.

आणि पंख्याचा आवाज परत आला.

"हेच उद्या चौकात सांगायचं, काका," सोनम म्हणाली. "समद्यांसमोर."

त्यांनी सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. सोनमनं पोरीला दुसरं मीटर बसवून दिलं आणि जुनं फळीवर ठेवलं. त्याच्या मागे, वडिलांच्या पट्टीखाली, आपली पट्टी लावली. 'तपासलं. आबांचं काम बरोबर होतं. सोनम.'

इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

गेल्या महिन्यात मी बावड्याला गेलो. सोनमनं चहा दिला. माझी नजर सहज फळीवर गेली.

काटा... पाव टाकीवर होता.

"कालपास्नं हाय तसा," ती म्हणाली. "सकाळी कळलं. काल बाळासो एका लग्नात सांगत व्हते म्हणं, काटा अगदीच शून्यावर नव्हता. केरबाचं बी थोडं चुकलंच."

तिनं मीटर काखेत मारलं आणि चप्पल पायात सरकवली.

"त्यांच्या घरला निघाले मी. येतोस?"

मी नकारार्थी मान हलवली. खरं सांगतो, धीर झाला नाही. कशाला उगाच वाईटपणा घ्या, असंही वाटलं. सोनम मीटर घेऊन रस्त्याला लागली.

गॅरेजमध्ये मी एकटा उरलो. टेबलावर माझा चहाचा ग्लास होता, काचेचा. पंखा फिरत होता...

आवाज नव्हता.

टक टक.

माझ्या ग्लासावर.

चहा तसाच टाकून मी चप्पल घातली आणि सोनमच्या मागं निघालो.