थकलेली बाटली

प्रयोगशाळेच्या दारात आमची टक्कर होता होता राहिली.

“जरा सांभाळून… थकलाय तो,” तो म्हणाला. मागे कोणी म्हातारे गृहस्थ आहेत का, म्हणून मी वाकून पाहिलं. हसू दाबत त्याने हातातली बाटली वर धरली. आत काळपट अमाइनचा नमुना होता. नैसर्गिक वायूतली घाण धुता धुता हे द्रावण थकतं, आणि तो त्याला पुन्हा कामाचं करायचा.

मग माझ्याकडे तपासायला नमुने रोज तोच आणू लागला. मी लग्न मोडून आत्याकडे परतलेली, हसायची सवयच सुटली होती. एकदा विचारलं, हे शुद्ध कसं होतं? म्हणाला, मंद आचेवर. घाईने तापवलं की पार वाया जातं. सांगताना तो बाटलीकडे नाही, माझ्याकडे बघत होता… आणि मीही नजर काढून घेतली नाही.

पुढे साहेबांनी ठरवलं की या खेपेचा नमुना नापास झाला तर त्याचं शुद्धीकरणाचं युनिट बंद आणि त्याची बदली दूरच्या प्लांटवर. तपासणार मीच.

त्या दिवशी त्याने मान खाली घालून बाटली ठेवली. मी ती उजेडात धरली. पाण्यासारखी नितळ. शुद्ध करून आलेल्या अमाइनला आमच्याकडे पिवळी झाक राहतेच.

“हे नवं आहे. पिंपातलं,” मी म्हणाले.

तो बाटलीकडे बघत म्हणाला, “मला तुमच्यापासून लांब जायचं नाहीये.”

माझ्यासाठी कोणी एवढं चुकेल, असं कधी वाटलं नव्हतं. तरी मी खरी बाटली मागितली. ती नापास झाली, आणि मी तसंच लिहिलं.

तो बसने निघाला त्या सकाळी झड लागली होती; मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. मला वाटलं, रागावला असेल.

“बरं झालं,” तो म्हणाला. “खोट्या बाटलीवर संसार टिकला नसता.”

“संसार?”

“विचारतोय…”

मला तो हवा होता, अगदी मनापासून. पण ‘हो’ म्हणवेना. “मी थकलेय हो.”

त्याने माझी कलंडलेली छत्री सरळ केली. “माहितीये. मंद आच. घाई नाही.”

बस गेली. नव्या द्रावणाची पिंपं फाटकातून आत येत होती. मी कडेला उभं राहून रडून घेतलं, आणि मग आत्याला फोन करून विचारलं, त्याच्या नव्या प्लांटच्या गावी जायला पुढची बस कधी असते.