टीव्हीएवढी सिंधूआजी

"जवळपास एकही टीव्ही सापडला नाही."

फोनच्या पडद्यावर चौथ्यांदा तेच वाक्य उमटले, तेव्हा जुईला रडूच कोसळायचे बाकी राहिले. टीव्ही तर तिच्या समोरच होता, हात लांब केला तर बोट लागेल इतका जवळ. तो चालूही होता. मग फोनला तो सापडत कसा नव्हता?

सन २०४६ मधला ऑगस्ट महिना होता. चिखलदऱ्याच्या घाटात पहाटे दरड कोसळली होती आणि खाली जाणारा रस्ता बंद झाला होता. औषधे पोचवणारे ड्रोन ढगांतून घरघरत ये-जा करत होते. पण माणसाला उचलून नेईल असा ड्रोन गावात नव्हता. जुईचे आईबाबा दोन दिवसांपूर्वीच आबांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे सिंधूआजीला, घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात गेले होते. घरात अकरा वर्षांची जुई आणि तिचे आजोबा, आबा, असे दोघेच होते.

आबा आणि सिंधूआजी जन्मापासून कर्णबधिर. त्यांच्या लहानपणी आसपास त्यांच्यासाठी शाळा नव्हती. म्हणून दोघा भावंडांनी शेतात, गोठ्यात, चुलीपाशी बसून स्वतःच्याच खुणा तयार केल्या. पुढे दोघे सगळ्यांची खुणांची भाषा शिकले. जुईलाही आबांनी ती शिकवली होती. पण भाऊबहीण एकत्र आले किंवा मनातून घाबरले, की हात आपोआप त्या जुन्या, फक्त दोघांच्या भाषेत बोलू लागत. ती भाषा कुठल्याही यंत्राला ठाऊक नव्हती.

आणि आज नेमके तेच नडले होते.

सिंधूआजीच्या हृदयाची एक झडप (रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे दार) अरुंद झाली होती. दुपारी तीन वाजता शस्त्रक्रिया ठरली होती. अकरा वाजता बाबांचा फोन आला तो घाबराघुबरा.

"जुई, आत्या सही करून नाही राहिली! कागद पुढे केला की बाजूला सारते आणि एकच खूण करते. इथल्या खुणा ओळखणाऱ्या यंत्राला तिचा अर्थ लागत नाही, मलाही लागत नाही. आबांना दाखव बरं."

बाबांच्या मागून डॉक्टर राऊतांचा शांत आवाज आला. "त्या शुद्धीवर आहेत, समंजस आहेत. त्यांच्या मनाविरुद्ध मी हात लावणार नाही. पण दीडपर्यंत मला कळायला हवं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळेल, आणि त्यांचं हृदय तोवर तग धरेल असं मला वाटत नाही."

फोनमध्ये सिंधूआजी दिसली. पांढऱ्या चादरीवर बसलेली. तिने डाव्या हाताची मूठ केली आणि तिच्यावर उजव्या हाताची दोन बोटे चालवली.

जुईने फोन आबांच्या नाकापाशी धरला. आबांनी डोळे बारीक केले, फोन लांब केला, जवळ घेतला आणि मान हलवली. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांच्या आतला पडदा झिजत चालला होता. मोठ्या वस्तू दिसत. पण एवढ्याशा फोनमधली बोटे त्यांना मुंग्यांसारखी दिसत. चित्र मोठे केले तर एक तर हात दिसत, नाही तर चेहरा.

मग जुईने ती खूण स्वतः करून दाखवली. आबा एकदम सावध झाले. त्यांचे हात भराभर हलले. "तिच्या भुवया वर होत्या की खाली?"

जुई गोंधळली. "माहीत नाही. का?"

"खूण एकच. भुवया खाली असतील तर अर्थ, 'मी चालले, मला नको.' वर असतील तर तो प्रश्न आहे. मला तिचा चेहरा आणि हात एकत्र दिसायला हवेत."

जुईने पुन्हा फोनमध्ये पाहिले. पण सिंधूआजी दमून आडवी झाली होती आणि बाबा म्हणत होते, "थोड्या वेळानं लाव. तिला धाप लागली आहे."

म्हणूनच जुई टीव्हीच्या मागे लागली होती. टीव्हीवर सिंधूआजी मोठी दिसली असती, खऱ्या माणसाएवढी.

दाराशी चाकांचा आवाज झाला. आरोग्य केंद्राचा यंत्रमानव चंडोल रोज या वेळेला आबांच्या डोळ्यांत औषध घालायला यायचा. त्याला तीनच बोटे होती, पण थेंब अगदी नेमका पडायचा.

"जुई, तुझा आवाज नेहमीसारखा नाही," तो म्हणाला.

जुईने एका दमात सगळे सांगितले. "तूच जोड ना टीव्ही!"

"लोकांच्या घरातल्या यंत्रांशी जोडून घ्यायची मला परवानगी नाही. मी फक्त औषधं देतो. पण मला जे ठाऊक आहे ते सांगू शकतो. आधी एक सांग, तुझ्या फोनला इंटरनेट कुठून येतंय?"

"टॉवरवरून. दरड कोसळली तेव्हा घरी येणारी तार तुटली. स्वयंपाकघरातल्या राउटरचा दिवा लाल झाला, म्हणून मी फोनचं वाय-फाय बंद केलं. तसंही ते निकामी झालंय."

"निकामी?" चंडोल आबांच्या डोळ्यात थेंब सोडत म्हणाला. "राउटर (घरातल्या यंत्रांचे निरोप एकमेकांना पोचवणारी पेटी) दोन कामं करतो. एक, घराला बाहेरच्या जगाशी जोडणं. ते आज बंद आहे. दुसरं, घरातल्या यंत्रांना एकमेकांशी जोडणं. ते कोणी बंद केलंय?"

जुई विचारात पडली. "कोणीच नाही."

"तुझा टीव्ही अजूनही राउटरच्या जाळ्यात (एकमेकांशी बोलू शकणाऱ्या यंत्रांच्या गटात) बसलेला आहे. तुझा फोन मात्र त्या जाळ्यातून उठून टॉवरच्या जाळ्यात गेला. फोन टीव्हीला डोळ्यांनी शोधत नाही. तो आपल्या जाळ्यात हाक मारतो, 'इथं कोणी टीव्ही आहे का?' ती हाक तुझ्या टीव्हीपर्यंत पोचतच नाही."

"म्हणजे तो समोर असून उपयोग नाही!"

"समोर असणं आणि एका जाळ्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

जुईने वाय-फाय सुरू केले. लगेच फोनने विचारले, "या वाय-फायवर इंटरनेट नाही. तरीही जोडलेले राहायचे?"

तिचे बोट थबकले. "हो म्हटलं तर बाबांचा फोन येणार कसा?"

"टॉवरकडूनच. फोनला दोन्हीकडे हात देता येतो. अमरावतीचं चित्र टॉवरकडून घ्यायचं आणि राउटरमार्फत टीव्हीला द्यायचं. घरातल्या घरात चित्र पाठवायला इंटरनेट लागतच नाही. रेडिओलहरी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, हवेतून जाणाऱ्या लहरी) फोनपासून राउटरपर्यंत आणि तिथून टीव्हीपर्यंत जातात. बस्स."

जुईने 'हो' दाबले आणि मिररिंग (फोनच्या पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे टीव्हीवर दाखवणे) पुन्हा सुरू केले. एक क्षण काहीच झाले नाही. मग फोनवर एक नाव उमटले: 'बैठकीचा टीव्ही'.

"सापडला!" ती ओरडली. आबांना ऐकू आले नाही, पण तिची उडी दिसली.

टीव्हीवर चार मोठे आकडे आले. ते फोनमध्ये भरायचे होते.

"आता हे कशाला?"

"शेजाऱ्यांनी चुकून आपल्या लग्नाचे फोटो तुमच्या टीव्हीवर लावू नयेत म्हणून. हे आकडे ज्याला दिसतात, तो या खोलीतच असणार. टीव्ही तेवढी खात्री करून घेतो."

आकडे भरले आणि फोनचा अख्खा पडदा टीव्हीवर उमटला. जुईने फोन आडवा करून टीव्हीखालच्या फळीवर टेकवला, म्हणजे आबा टीव्हीकडे पाहतील तेव्हा फोनच्या कॅमेऱ्याकडेही पाहतील. तिने बाबांना फोन लावला. एक वाजत आला होता.

टीव्हीभर सिंधूआजी आली. आबा खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांचा हात पडद्याकडे गेला आणि तसाच थांबला.

सिंधूआजीनेही बाबांच्या फोनवर भावाला पाहिले. तिने मूठ केली, बोटे उचलली आणि टीव्हीवरची बोटे विस्कटली! चौकोन चौकोन झाले, हात भुरकट झाले, कपाळ पुसल्यासारखे झाले. फक्त मागची भिंत अगदी स्वच्छ दिसत होती.

आबांनी हताश होऊन हात खाली घेतले. "भिंत दिसते. सिंधू दिसत नाही."

"फोनवर तर ती स्पष्ट दिसतेय!" जुईने चंडोलकडे पाहिले.

"म्हणजे टॉवरचा दोष नाही, घरातल्या वाटेचा आहे. नीट ऐक. चित्र दर सेकंदाला तीसेक वेळा पाठवावं लागतं. पुरतं चित्र पाठवलं तर वाट तुंबेल. म्हणून फोन संपीडन (माहिती आवळून लहान करणे) करतो. भिंत मघाशी होती तशीच आहे ना? मग तो फक्त सांगतो, 'भिंत तीच, हात बदलले.' जे हललं तेवढंच नव्यानं पाठवायचं."

"आणि आजी तर हातांनीच बोलते..."

"म्हणून तिच्या बोलण्यात सगळ्यात जास्त बदल असतो. वाट अरुंद झाली की आधी तिचेच शब्द पुसले जातात. तुमची वाट कशानं अडलीय? राउटर कुठे ठेवलाय?"

"स्वयंपाकघरात. गव्हाच्या कोठीमागे."

"लोखंडी कोठी?"

जुईने कपाळावर हात मारला. "लोखंडातून लहरी जात नाहीत!"

"बऱ्याचशा परत फिरतात. काही वळसा घेऊन येतात, थकून."

कोठी जुईकडून हलणार नव्हती. राउटर उचलावा, तर त्याला बाहेरून आलेली तार जोडलेली होती. तार! तिला हसूच आले. ती तर घाटात तुटून पडली होती. तिने ती राउटरमधून उपसली, विजेचा प्लग काढला आणि पेटी छातीशी धरून बैठकीत आणली. टीव्ही काळा पडला होता. तिने प्लग लावला. राउटर जागा व्हायला दोन मिनिटे लागली. ती दोन मिनिटे जुई घड्याळाकडेच बघत होती. एक वाजून दहा मिनिटे. आता त्या पेटीचा बाहेरच्या जगाशी काहीच संबंध नव्हता. ती ओळखत होती फक्त या घरातला फोन आणि या घरातला टीव्ही.

पुन्हा नाव आले. पुन्हा चार आकडे. पुन्हा बाबा.

या वेळी सिंधूआजीच्या बोटांवरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. तिने मूठ केली. दोन बोटे मुठीच्या कडेकडेने चालली. आणि तिच्या भुवया वर होत्या.

आबांच्या डोळ्यांत पाणी आले. ते जुईकडे वळले. "ती नाही म्हणत नाही. विचारते आहे."

"काय विचारते?"

"आमच्या शेतात विहीर होती. ही तिच्या कठड्यावर चालायची. पाच वर्षांची होती. मी खालून तिचा हात धरून चालायचो. चढण्याआधी ती दर वेळी विचारायची, 'सोबत चालशील?' तेच विचारते आहे."

मग आबा टीव्हीकडे वळले. त्यांनी मूठ केली आणि तिच्यावर दोन नाही, चार बोटे चालवली.

सिंधूआजीचे खांदे सैल झाले. मग तिचे हात असे सुटले, की आबांनाही तिला थांबवून थांबवून विचारावे लागले. आबा सांगत गेले आणि जुई ते मोठ्याने बोलत गेली. "डॉक्टर, आजी म्हणते, दोन दिवस सगळे तिच्याबद्दल एकमेकांशी बोलताहेत. तिच्याशी कोणीच बोललं नाही. आत नेऊन नेमकं काय करणार, ते तिला आधी सांगा."

मग डॉक्टर राऊत स्टूल ओढून पलंगापाशी बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले आणि त्यांनी कागदावर हृदयाचे चित्र काढले. अरुंद झालेले दार दाखवले, नवे दार कुठे बसवणार ते दाखवले. बाबा खुणा करून सांगत होते; जिथे अडत, तिथे टीव्हीसमोरून आबा पुढे नेत. सिंधूआजीने दोनच प्रश्न विचारले. किती वेळ लागेल? आणि जाग आल्यावर समोर कोण असेल?

"मी," आबा म्हणाले. "इथंच बसलोय. जेवायलासुद्धा उठणार नाही."

सिंधूआजीने डोळे मोठे करून भावाला दटावले. "जेव!" आणि तिने पेन मागितले.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी सही झाली.

संध्याकाळी साडेसात वाजता टीव्ही पुन्हा उजळला. सिंधूआजीच्या नाकात नळी होती, उजव्या हाताला पट्ट्या होत्या. तिने फक्त डाव्या हाताची बोटे थोडी उचलली. आबांना तेवढे पुरेसे होते.

पाचव्या दिवशी फोन आला तो डॉक्टर राऊतांचा. या वेळी फोन टीव्हीला जोडायला जुईला मिनिटही लागले नाही. सिंधूआजी उशीला टेकून बसली होती आणि तिच्याशेजारी डॉक्टर अवघडून उभे होते.

"आबा, सोमवारी माझ्याकडे एक चार वर्षांची मुलगी येणार आहे," ते म्हणाले आणि जुईने ते हातांनी सांगितले. "तिला ऐकू येत नाही. तिला 'घाबरू नकोस' कसं म्हणायचं, मला शिकवाल?"

आबांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दोन्ही हात वर केले.